चपलांची राखण

धाकट्या भावाचं कोकणात जायचं ठरलं तेव्हा त्याने फोनवर सांगितलं, "बाई, तूही चाल. समुद्र पाहून घे एकदा." उन्हाळी धानाला पाणी द्यायचं होतं म्हणून नवरा घरीच राहिला. मी भाऊ, भावजय आणि त्यांच्या दोन पोरांसोबत निघाले. गोंदियाहून सुटलेल्या गाडीत भाऊ पोरांना सांगत होता, की लहानपणी तो गावचा तलाव या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जायचा. खरंच जायचा. कोणी शिकवलं, ते मात्र सांगितलं नाही.

मी शिकवलं. तो सात वर्षांचा, मी अकराची. तेलाचा रिकामा डबा त्याच्या पाठीला बांधायचा आणि पोटाखाली हात धरून फिरवायचं. पाचव्या दिवशी त्याला न सांगता डबा सोडला, तरी तो तरंगला. आमचे पूर्वज तलाव बांधणारे. पाण्याचा घरात भारी अभिमान. पण पुढच्याच वर्षी बाबांनी मला हाक मारून बाहेर काढलं. "मोठी झाली ना आता? तलावात कायले जाते?" त्या दिवसापासून भाऊ पोहायचा आणि मी तलावाच्या पाळीवर बसून त्याचे कपडे-चपला राखायची.

समुद्रावर केळ्याच्या आकाराची रबरी होडी होती. मोटारबोट तिला ओढत नेते. जाकिटं वाटणाऱ्या माणसाने मलाही एक दिलं आणि विचारलं, "पोहता येतं का?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "नाही येत तिले."

"नसलं तरी चालतं. जाकीट आहे ना."

"राहू द्या. चपला अन् पिशव्या कोण पाहीन?"

एवढं बोलून भावाने माझ्या हातातलं जाकीट परत केलं. मला त्या होडीत बसायचं होतं, फार बसायचं होतं. भावाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. पन्नाशीला टेकलेली बाई, शेतावर दहा माणसांना कामाला लावते, आणि इथे मूग गिळून बसले.

ते चौघं होडीत बसून गेले. चपला मी पाण्याच्या कडेला ओळीने लावल्या, तलावावर लावायचे तशाच. तलावाचं पाणी बसल्या जागी पुढे येत नाही. समुद्राचं येतं, हे मला कोण सांगणार? एक मोठी लाट आली आणि पाचही जोड घेऊन गेली.

पिशव्या वर वाळूत टाकल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आत शिरले. पाणी छातीला लागल्यावर पाय सोडले. हातांना सगळं आठवत होतं. खारं पाणी नाकातोंडात गेलं, तरी एकेक चप्पल पकडून काठाकडे फेकत राहिले. खरं सांगते, शेवटची एक अगदी हाताशी होती. ती धरलीच नाही. तिला ओलांडून पुढे गेले, नुसतीच पोहत.

बाहेर आले तेव्हा होडी परतली होती. धाकटी पोरगी म्हणाली, "पप्पा, आत्याला तर पोहता येते."

भाऊ वाळूवरच्या चपला उलटसुलट करून बघत होता.

"माझी एकच दिसून राहिली," तो म्हणाला. "दुसरी कोठी गेली, बाई?"