तिसऱ्या गटाचं नाव

बसवनगुडीत मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते, त्या घरमालकिणीला सगळे अक्का म्हणत. तीन पिढ्या बंगळूरला काढलेलं मराठी घर. मी निपाणीकडची, मराठी शाळेत शिकलेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. नव्वदच्या दशकात मानसशास्त्रात एम.ए. करायला इथे आले, तेव्हा वडील स्टँडवर एवढंच म्हणाले होते, "तू पास होऊन दाखव. मग धाकटीलाही पाठवतो." म्हणजे माझ्या निकालावर दोघींचं शिक्षण होतं.

माझ्या प्रबंधातला प्रयोग दिसायला सोपा होता. नऊ कार्डांवर नऊ वेडीवाकडी चित्रं, कशाचीच नसलेली. त्यांचे तीन-तीनचे तीन गट. मी एवढंच शिकवायची, की गटातल्या पहिल्या चित्राबरोबर दुसरं जातं आणि पहिल्याबरोबरच तिसरंही जातं. मग न शिकवलेलं विचारायचं: दुसरं दाखवलं, तर त्याच्या जोडीचं तिसरं काढून देता येतं का?

चित्रांना नावं दिली तर ते नुसतं पाठांतर होईल, अशी माझी समजूत. म्हणून मी कडक नियम केला होता. नाव द्यायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं. वर्गातल्या सहा जणींनी तो पाळला. शिकवलेल्या जोड्या त्यांना आल्या. न शिकवलेली मात्र एकीलाही धड जमली नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कागद बाजूला सरकवले. "यात काहीच हाती लागत नाही. असंच राहिलं तर यंदा मी सही करणार नाही."

रविवारी दुपारी मी हॉलमध्ये कार्डं पसरून बसले होते. अक्का पदराला हात पुसत आल्या.

"काय गं, पत्ते खेळतेस एकटीच?"

मी सांगितलं. त्या समोर बसल्या. "मला दाखव बघू. चौथीपर्यंत शिकलेय, पण स्वल्प, थोडंसं, डोकं आहे."

त्यांना गप्प बसा म्हणायचा मला धीर झाला नाही. सवयीने टेपरेकॉर्डर तेवढा चालू केला. पहिलं कार्ड बघताच अक्का म्हणाल्या, "ही आमची थोरली जाऊ. नाक वर." दुसऱ्याला, "ही पण तीच, रुसलेली." तिसऱ्याला, "आणि ही माहेरी निघालेली." दुसरा गट सगळा नणंदेचा झाला. मग मी न शिकवलेलं विचारायला लागले आणि अक्का भाजी निवडावी तशी कार्डं उचलून देत गेल्या. एकही चुकलं नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच.

"सरी ना? बरोबर ना?" त्यांनी विचारलं. मी टेप काढून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती टेप दोनदा ऐकली. "नावामुळे जुळलं, असंच म्हणायचंय ना तुला? मग तिसऱ्या गटाला बाई गप्प आहेत. एकही शब्द नाही. तरी सगळं बरोबर कसं?"

गर्दीच्या बसमधून उभ्यानेच परत आले आणि चप्पल काढता काढता अक्कांना विचारलं, "तिसऱ्या गटाला तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

अक्कांनी व्हरांड्याकडे हनुवटी केली. तिथे त्यांचे यजमान पेपर वाचत होते.

"म्हणणार कसं गं? पोट पुढे, मान मागे. हेच की ते. एकात ऑफिसला निघालेत, एकात जेवायला बसलेत, एकात देवळातून आलेत. लग्नाला तीस वर्षं झाली, मी कधी त्यांचं नाव घेतलंय?"

व्हरांड्यातून आवाज आला, "कसलं चाललंय माझ्याबद्दल?"

"काही नाही. तुम्ही पास झालात."

मी तशीच पळत कोपऱ्यावरच्या बूथवर गेले आणि मॅडमना फोन लावला. नाव होतं, मॅडम, फक्त उच्चारलं नव्हतं. त्या बऱ्याच वेळ हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवी माणसं घे. निम्म्यांना प्रत्येक गटाला एक नाव द्यायला सांग, निम्म्यांना काहीच सांगू नकोस. आणि प्रत्येकाला शेवटी विचार, मनात काय म्हणत होतात?"

पुढचे तीन आठवडे मी ओळखीच्या प्रत्येक घरी कार्डं घेऊन गेले. नाव देणाऱ्यांना न शिकवलेलं बहुतेक वेळा जुळलं. काहीच न सांगितलेल्यांतही ज्यांना जमलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी मनात गुपचूप नावं ठेवलेली निघाली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं अक्कांच्या पानावर बोट ठेवलं. "इथे बाई गप्प का?" मोडक्या इंग्रजीत, पण न अडखळता, मी सांगितलं. सर चष्मा काढून हसले आणि मॅडमना म्हणाले, "या मुलीला पुढे शिकवा."

निपाणीला शेजाऱ्यांच्या फोनवर वडिलांना बोलावून घेतलं. पहिला वर्ग मिळाला, एवढं सांगितलं. त्यांनी घसा खाकरला. "धाकटीसाठी फॉर्म कधी मिळतात तिथे?"