साळवे उस्तादांची मधली वर्षं

"शेवटच्या ओळीतला, पोट आत!"

ओरडून झालं आणि मग मला दिसलं की ते पोट साळवे उस्तादांचं होतं. नव्यानं भरती झालेल्या पोरांच्या स्क्वाडमध्ये, पांढरी बनियन आणि खाकी हाफ पँट घालून ते उभे होते. मिशा निम्म्याहून जास्त पांढऱ्या. त्यांनी गुपचूप पोट आत घेतलं आणि नजर सरळ ठेवली. ती तशी ठेवायची हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

पोलीस खात्यात कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तुम्ही पुढे फौजदार व्हा नाहीतर आणखी कोणी, ज्यानं पहिल्यांदा तुमच्या हातात रायफल दिली तो कायमचा उस्ताद. मी सोनईहून भरती होऊन आलो तेव्हा मला डावा पाय कुठला हे सांगायची वेळ यायची. साळवे उस्तादांनी महिनाभर माझ्या डाव्या बुटाला सुतळी बांधून ठेवली होती. आता मी हवालदार होतो, हेडक्वार्टरला ड्रिल इन्स्ट्रक्टर होतो, आणि ते माझ्या स्क्वाडमध्ये होते. मी लगेच "विश्राम" दिला. 

झालं होतं ते असं. काही वर्षांपूर्वी कोपरगावच्या एसटी स्टँडवरून एक आरोपी बेडीसकट पळाला. आरोपीला नेणाऱ्या पार्टीचे इन्चार्ज कागदावर हवालदार साळवे. प्रत्यक्षात एका साहेबांनी त्यांना अर्ध्या वाटेतून दुसऱ्या कामाला पाठवलं होतं. खातेनिहाय चौकशी झाली. त्या साहेबांना साक्षीला बोलवा, असं उस्ताद म्हणत राहिले, कोणी बोलावलं नाही. उस्ताद बडतर्फ झाले. म्हणजे नोकरी गेली आणि मागची सगळी सेवाही पाण्यात. ते बेलापूरला घरी गेले, भावाच्या पिठाच्या गिरणीवर बसू लागले आणि ट्रिब्युनलमध्ये दाद मागितली. ट्रिब्युनल म्हणजे सरकारी नोकरांच्या नोकरीच्या तक्रारी ऐकणारं कोर्ट. नव्वदच्या दशकात तिथेही तारखा पडायच्याच. शेवटी निकाल लागला: चौकशी न्याय्य झाली नाही, बडतर्फी रद्द, साळवेंना सेवेत परत घ्या.

तुम्ही म्हणाल, मग संपलं की. आमच्या खात्यात इथूनच सुरू होतं. परत घ्या हे ठीक, पण परत घ्यायचं म्हणजे कुठून? जिथे होते तिथून, की आजपासून नवे? याला सेवेत सातत्य म्हणतात. सातत्य धरलं तर मधली वर्षं नोकरीतच होती असं मानतात. हुद्दा, ज्येष्ठता, पेन्शन सगळं जागच्या जागी. नाही धरलं तर माणूस पांढऱ्या मिशांसकट नवा रिक्रूट. निकालात सातत्याबद्दल एक अक्षर नव्हतं. हेडक्वार्टरचे राखीव निरीक्षक, ज्यांना आम्ही आर.आय. साहेब म्हणायचो, त्यांनी त्याचा सोपा अर्थ लावला. उस्तादांना रिक्रूटचं किट दिलं आणि माझ्या स्क्वाडमध्ये धाडलं.

परेड सुटल्यावर मी आर.आय. साहेबांकडे गेलो.

"सर, साळवेंना रिक्रूटमध्ये कसं ठेवायचं? माझे उस्ताद आहेत."

"ऑर्डरमध्ये कंटिन्युइटी लिहिलीय का?"

"नाही, सर."

"मग झालं तर." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि जाधव, तुला हवालदार कोणाच्या जागेवर केलंय?"

मी त्या कपाकडे बघत राहिलो.

"त्याचं सातत्य धरलं तर वरची एक जागा भरली. खालून एक माणूस उतरणार. लिस्टमध्ये सगळ्यात शेवटी कोण आहे ते बघ आणि मग माझ्याकडे ये."

बघायची गरज नव्हती. शेवटी मीच होतो. ही गोष्ट तोवर माझ्या डोक्यात आली नव्हती असं म्हणणार नाही. आली होती, मी तिला बसायला जागा देत नव्हतो. त्या दिवशी ती ऐसपैस बसली. बढतीचे पेढे सोनईत घरोघर वाटून झालेले होते.

त्यानंतर स्क्वाडवर उभं राहणं म्हणजे रोजची शिक्षा झाली. पोरं उस्तादांना बाबा म्हणायची. "बाबा, तुम्ही लई उशिरा भरती झाला." उस्ताद हसायचे. डबल मार्चला मी त्यांना बाजूला काढू बघायचो, ते निघायचे नाहीत. धाप लागायची, पण पाय कधी चुकला नाही. माझी कमांड चुकायची. पोरं एकमेकांकडे बघायची आणि मी पोरांवरच खेकसायचो. लाज वाटली की माणूस खालच्यावर ओरडतो, हे खात्यात सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं, तरी ओरडत होतो.

एका सकाळी परेड सुटल्यावर उस्ताद माझ्याजवळ आले.

"जाधवा, मला ओ.आर.ला घे."

ओ.आर. म्हणजे ऑर्डर्ली रूम. आठवड्यातून एकदा एस.पी. साहेब शिपायांच्या अडचणी ऐकतात. आत कोणी आपला आपण जात नाही. ज्याच्या हाताखाली तो असतो तो त्याला मार्च करवत आत नेतो, सलाम देतो आणि मोठ्यानं हुद्दा, नाव बोलतो. मग माणसानं दोन वाक्यांत सांगायचं आणि बाहेर पडायचं. उस्ताद माझ्या हाताखाली होते. म्हणजे आत नेणार मी आणि हुद्दाही बोलणार मी. शिपाई म्हटलं तर त्यांच्या अर्जाचा जीव दारातच गेला. हवालदार म्हटलं तर आर.आय. साहेब खुर्चीमागेच उभे असणार.

"उस्ताद, वकिलाकरवी परत ट्रिब्युनलला गेलात तर?"

"तितं निकाल लागंस्तवर मी रिटायर हुईन." त्यांनी माझ्या बाहीकडे बघितलं. "तुजी एक फीत जाईल, म्हाईत हाय मला. मला लई वाईट वाटतंय. पन माजी सगळी नोकरीच जाती, जाधवा. मी न्हाई सोडणार."

"मी कुठं सोडा म्हणतोय?"

"न्हाई म्हनत. पन रोज माज्याकडं बगत न्हाईस."

 मी त्यांचं नाव ओ.आर.ला दिलं.

त्या दिवशी त्यांनी बिनफितीचा रिक्रूटचा युनिफॉर्म घातला होता. दुसरा नव्हताच. मी तीन फितींचा. दारात मी कमांड दिली, आम्ही आत गेलो, थांबलो, सलाम केला. एस.पी. साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. मागे आर.आय. साहेब माझ्याकडेच बघत होते.

"पोलीस..." मी म्हणालो, आणि तिथेच अडकलो.  "पोलीस साळवे, सर."

असा हुद्दा खात्यात नाही. एस.पी. साहेबांनी मान वर केली.

"पोलीस काय?"

शेजारी उस्ताद पुतळा होऊन उभे होते. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, डबल मार्चनंतर यायचा तसा.

"पोलीस हवालदार साळवे, सर."

"फिती कुठे आहेत?"

"स्टोअरनं दिल्या नाहीत, सर. रिक्रूट स्क्वाडला आहेत."

"हवालदार रिक्रूट स्क्वाडला?"

आर.आय. साहेब पुढे झुकले. "सर, ऑर्डरमध्ये कंटिन्युइटी नाही."

"बडतर्फी रद्द झालीय ना?"

"हो, सर."

"मग मधल्या काळात हा माणूस कोण होता?"

 एस.पी. साहेबांनी उस्तादांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"सर, चूक सिद्ध झाली न्हाई. मग माजी वर्षं कशापायी कापली, येवढंच इचारायचं हाय."

"ठीक आहे. लीगल ओपिनियन घ्या," साहेब म्हणाले. मी पीछे मुड दिलं. कॉरिडॉरमध्ये आल्यावर उस्तादांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि मला रडू येईल असं वाटलं. पहिल्या झटक्यात तोंडातून हुद्दा निघाला नव्हता आणि त्यांनी तो न निघालेला ऐकला होता.

काही आठवड्यांनी आदेश निघाला. बडतर्फीचा काळ सर्व प्रयोजनांसाठी सेवा समजण्यात यावा, ज्येष्ठता पूर्ववत. उस्तादांना तीन फिती मिळाल्या. त्यांच्या मागोमाग माझाही आदेश आला: जागा उपलब्ध नसल्याने हवालदार जाधव यांना नाईक पदावर प्रत्यावर्तित करण्यात येत आहे. साध्या मराठीत, खाली उतरवलं. ही शिक्षा नसते, तसं आदेशात लिहिलेलंही असतं. पोलीस लाईनमधल्या शिंप्यानं एक फीत उसवली. बाहीवर तिच्या जागी न विटलेला खाकी पट्टा राहिला. ज्याला खात्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही दिसावा असा.

सोनईत तो सगळ्यांना दिसला. मी बाजारात रजेच्या दिवशी युनिफॉर्मवर जायचो ते बंद केलं, पण तोवर आप्पांना, माझ्या वडिलांना, कोणीतरी सांगितलं होतं. आप्पांनी एकदाच विचारलं, "काय केलं रं तू?" मी जागा, ज्येष्ठता, सातत्य सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गुरांकडे निघून गेले. नंतर घरात त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं.

हे मी उस्तादांना सांगितलं नव्हतं. हेडक्वार्टरला कोणाची कुठली गोष्ट लपते? पुढच्या रविवारी ते आपणहून माझ्याबरोबर एसटीत बसले, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून. ओसरीवर खुर्चीत बसले. आप्पांनी टोपी सारखी केली, चहा सांगितला.

"आप्पा, तुमच्या पोरानं काय बी केलेलं न्हाई," उस्ताद म्हणाले. "जागा माजी हुती. मला घरी बसिवलं म्हनून ती त्याला दिली. आता मी परत आलो म्हनून काडली. त्याच्यावर डाग न्हाई."

आप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. ते माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मग त्यांनी बशी पुढे सरकवली आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "मंग तुमी काय केलं हुतं?"

"काय न्हाई, आप्पा."

"व्हय, व्हय," आप्पा म्हणाले. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात तसं.

उस्तादांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "कोर्टाचा कागद हाय माज्याकडं. पुडल्या खेपेला आनतो."

"कशाला, कशाला. असू द्या की," आप्पा म्हणाले.

मी जमिनीकडे बघत बसलो होतो. माझी सुटका झाली होती आणि मान वर होत नव्हती. वर्षभरात जागा निघाली, तिसरी फीत परत आली. सातत्याची प्रकरणं पुढे मी बरीच पाहिली. नोकरीतला खंड भरून काढायला एक आदेश पुरतो. आप्पांच्या त्या प्रश्नाचं प्रकरण कुठल्या शाखेकडे पाठवायचं, हे मात्र रिटायर होईपर्यंत मला कळलं नाही.