सावली तपासणाऱ्या मावशी

कोणाच्याही घरी गेल्या की मावशी आधी टेबलावर हात धरायच्या. बोटं पसरून, तळवा खाली, टेबलापासून वीतभर वर. मग हाताखाली वाकून बघायच्या आणि विचारायच्या, "सावली कुठे पडतेय, बघितलंस का कधी?" चहापाणी त्यानंतर.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी व्यक्ती असेल, जी येणार म्हटलं की आपण हॉल आवरायला घेतो. मावशी येणार म्हटलं की ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलॉंगॉंगमधली मराठी मंडळी गराज आवरायला घ्यायची. हॉलकडे त्या ढुंकूनही बघायच्या नाहीत.

त्या माझ्या नात्याच्या नव्हेत. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आणि त्या तिथेच हाताच्या सर्जन, मूळच्या दादरच्या. त्या निवृत्त होईपर्यंत मी त्यांना मॅडम म्हणत असे. निरोपाच्या दिवशी त्यांनीच बजावलं, "आता मॅडम बंद. मावशी म्हण, नाहीतर हाक मारू नकोस."

या देशात माणसाला घर घेतलं की मागच्या अंगणात सुतारकामाच्या शेडचे वेध लागतात. शनिवार-रविवारी जो तो करवत चालवतो आणि सोमवारी हॉस्पिटलात बोटं यायची. मावशींनी अशी किती बोटं शिवली असतील, देव जाणे. त्यांचं ठाम मत होतं की निम्मी बोटं करवतीने जात नाहीत, वाईट उजेडाने जातात. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी हा उद्योग मागे लावून घेतला. कुणी शेडमध्ये दिवे बसवतोय असं कानावर आलं की न बोलावता हजर.

स्टीलवर्क्समधल्या आमच्या एका मित्राने गराजच्या बरोब्बर मधोमध एकच झगझगीत दिवा लावला होता आणि तो मोठ्या अभिमानाने दाखवत होता. मावशींनी त्याला भिंतीजवळच्या बेंचसमोर उभं केलं. "दिवा तुझ्या पाठीमागे. म्हणजे तुझ्याच डोक्याची सावली तुझ्या कामावर. रोज स्वतःच्या अंधारात काम करणार का तू?" दिवा बेंचच्या पुढच्या कडेवर आला, जोडीला दुसराही आला. वायरिंगला मात्र त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन येईपर्यंत स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या एकाने बाळाचा पाळणा पिवळ्या उजेडात मोरपंखी रंगवला आणि बाहेर उन्हात आणल्यावर तो भलत्याच रंगाचा निघाला. मावशी हसून हसून खुर्चीत बसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "आधी भिंती पांढऱ्या कर. मग दिवसाच्या उजेडासारखे दिवे घे. स्वस्तातले लुकलुकणारे घेतलेस तर करवतीचं फिरतं पातं थांबल्यासारखं दिसेल. मग तू मला भेटायला येशील, आणि मी तर रिटायर झालेय."

आई गेल्यावर मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मिरजेहून इकडे आणलं. अण्णांनी जन्मभर तंबोरे केले. इथे आल्यावर ते खिडकीपाशी बसून राहायचे. जेवायला बोलावलं की यायचे, बोलणं जेवढ्यास तेवढं. माझी मुलगी शाळेतून आली की, "आजोबा, हाउ वॉज युअर डे?" म्हणायची आणि ते मान डोलवायचे. दर आठवड्याला एक वाक्य मात्र ठरलेलं, "मला परत पाठव गं." मिरजेच्या घरात आता कोणीच नव्हतं. तिथे ते एकटे काय खातील, रात्री पडले-झडले तर कोण बघेल, या विचाराने मी तिकिटाचा विषय पुढे ढकलायचे. आणि इथेही ते माझ्या डोळ्यांदेखत विझत चालले होते, हेही दिसत होतं.

सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमधल्या एका गाण्याच्या क्लासचा तंबोरा नीट बोलत नाही असं कळलं, तेव्हा मला वाटलं, हाच उपाय. नवऱ्याने गराजमध्ये कंबरेएवढं बेंच ठोकलं. दिव्यांसाठी अर्थातच मावशी आल्या. त्यांनी छताला अशी रचना करवून घेतली की चारी बाजूंनी उजेड यावा. बेंचवर हात धरला. सावली नावाला नाही. "ऑपरेशन थिएटर झालंय!" त्या खुशीत म्हणाल्या. आम्हीही खूश.

अण्णा आत आले, डोळे किलकिले करून वर बघितलं, तंबोऱ्यावरून हात फिरवला आणि परत खिडकीपाशी जाऊन बसले.

"छान केलंयत," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात ते ठरलेलं वाक्य दोनदा ऐकावं लागलं.

दुसरं कोणी असतं तर म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून दिलं असतं. मी सोडूनच देत होते. मावशी चार दिवसांनी पुन्हा आल्या. "पेशंटला गुण नाही, म्हणजे निदान चुकलं माझं," म्हणाल्या आणि थेट अण्णांसमोर जाऊन बसल्या.

"अण्णा, मिरजेला तुम्ही कामाला कसे बसायचा?"

"कसं म्हणजे? खाली."

मी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर मांडी घालून, पायाच्या अंगठ्याने लाकूड धरून काम केलेला माणूस, आणि आम्ही त्याला उंच बेंचसमोर उभा केला होता! मुलगी मी, आणि हे सुचलं कुणाला, तर दादरच्या डॉक्टरीणबाईंना.

मावशींनी गराजमध्ये घोंगडी घालायला लावली. अण्णा बसले, आणि गुडघ्यांची तक्रार करत समोर मावशीही बसल्या. अण्णांनी तंबोऱ्याची घोडी हातात घेतली. घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो हाडाचा तुकडा. त्याचा माथा कानशीने अगदी अलगद घासून गोलाई आणायची असते, तेव्हा कुठे तार झणकारते. त्याला जवारी लावणं म्हणतात. अण्णांनी ती घोडी वरच्या दिव्यांखाली धरली, कपाळाला आठी घातली आणि नकळत दाराकडे वळवली. बाहेर दुपार कलली होती, दारातून तिरपं ऊन येत होतं.

मावशी टक लावून बघत होत्या. "पुन्हा करा बघू," म्हणाल्या. अण्णांनी घोडी पुन्हा दाराकडे वळवली.

"वरचे सगळे दिवे बंद कर!" मावशी माझ्या नवऱ्यावर ओरडल्या. "अगं, त्यांना सावली हवीय! उजेड आडवा आला तरच उंचवटा सावली टाकणार आणि खोलगट भाग काळा दिसणार. मी सगळीकडून उजेड ओतून सगळं सपाट करून ठेवलंय." आणि मग टाळी वाजवून, लहान मुलीसारख्या, "जन्मभर सावली घालवत आले मी, अण्णा! तुम्हाला नेमकी तीच लागते!"

अण्णा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मावशी स्वतःच्या घरून एक वाकडमानेचा टेबललॅम्प घेऊन आल्या. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून त्यांनी तो अण्णांच्या डावीकडे, जवळजवळ जमिनीलगत लावला. जरा पुढे, जरा मागे, बल्ब बदल, पुन्हा मागे. अण्णा "हां" म्हणेपर्यंत त्या उठल्या नाहीत. आपण मोठ्या हौसेने केलेली गोष्ट इतक्या आनंदाने मोडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तो तंबोरा बोलला. मग सिडनीहून आणखी आले, एक तर थेट मेलबर्नहून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून. मावशी वरचेवर दुपारी यायच्या, भिंतीला टेकून ऐकत बसायच्या. "नो वरीज अण्णा, तुमचं चालू द्या." परत जाण्याचं वाक्य कमी झालं, पण संपलं नव्हतं. "गणपती झाले की बघू," असं अण्णा म्हणायचे, आणि मी विषय बदलायचे.

या हिवाळ्यात मावशी गेल्या. झोपेतच. मेलबर्नजवळ क्रेगीबर्नला असणारा त्यांचा मुलगा आला, आणि सगळं उरकल्यावर एके सकाळी त्याने आम्हाला त्यांच्या शेडमध्ये बोलावलं.

चारी बाजूंनी दिवे होते तिथे, पांढरेशुभ्र. बेंचवर एक पाट होता, सागवानी, ठेंगणा, अण्णांच्या मांडीला पुरेल असा रुंद. तीन कोपरे गुळगुळीत घासलेले, चौथा अजून खरखरीत.

"काका, हा तुमच्यासाठी," मुलगा म्हणाला. "सिमेंटचा गारठा घोंगडीतून वर येतो, म्हणायची. सरप्राइज द्यायचं होतं तिला."

अण्णांनी पाट उचलला. चौथ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मुलाने पॉलिश पेपर पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. "राहू दे. हा कोपरा त्यांचाच."

काही तरी बोलायला हवं म्हणून मुलाने विचारलं, "मग काका, इंडियाला परत कधी जाताय?"

अण्णांनी पाट बगलेत नीट धरला.

"आता कशाला?" ते म्हणाले. "बसायची सोय झाली की इथं."

मी पटकन वळून मागे बघितलं. हे ऐकायला मावशी हव्या होत्या.