फाटकवाल्याच्या घरी फुटबॉल

दुसऱ्या मजल्यावरची खोली. डाव्या हाताला खिडकी, तिच्यात वाळत घातलेला टॉवेल. उजव्या हाताला दार, आणि एका दाराला आतून तीन कड्या. मधोमध दोन खुर्च्या, एक बरी, एक हात मोडलेली. समोर टीव्ही. रविवारची दुपार, साडेतीनचा सुमार. बऱ्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून, खेळाच्या अर्धा तास आधीच येऊन बसलेला हा गृहस्थ नीट बघून घ्या. उंच, सडसडीत, मिश्या कातरलेल्या, आणि डोळे असे की समोरच्याने उगाच आपले खिसे चाचपावेत.

याला सगळे फाटकवाले आबा म्हणतात. माघारी शंकासुर.

गावातल्या फुटबॉलच्या मैदानाला सहा फाटकं. त्यांतल्या चौथ्यावर आबांनी एकतीस वर्षं तिकिटं फाडली. आता गंमत अशी, की तिकीट फाडणाऱ्याचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ मैदानाकडे. एकतीस वर्षांत आबांनी एकही गोल डोळ्यांनी पाहिला नाही. ऐकले मात्र सगळे. मागून आरोळी उठली की रांगेतल्या उशिरा आलेल्यांना ते मान न वळवता सांगायचे, "आपला झाला." नाहीतर, "त्यांचा झाला, सावकाश चला." चेंडू खांबाला लागला की हजारो माणसं एकदम श्वास आत घेतात नि मग हळूहळू सोडतात. तो श्वास आबा इतका हुबेहूब करून दाखवायचे की बघणाऱ्याला खांब दिसायचा.

अशा नोकरीत माणूस एक तर संत होतो, नाहीतर शंकेखोर. आबांनी दुसरा रस्ता धरला. गेल्या वर्षीचं तिकीट, दोन तुकडे चिकटवून केलेलं तिकीट, घरच्या शाईने रंगवलेलं तिकीट, सगळं त्यांनी बोटांच्या टोकांनी ओळखलं. सख्खा भाऊ एकदा "अरे मी आहे" म्हणून बिनतिकीट आत शिरू लागला, तर त्यालाही दंडाला धरून बाहेर काढलं. भाऊ त्यानंतर चार वर्षं बोलला नाही. आबांचं म्हणणं साधं होतं: "फुकट्याची एक खूण असते. ज्याच्याकडे खरं तिकीट असतं त्याला आत जायची घाई असते. फुकट्याला घाई नसते. तो गप्पा मारतो."

निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की टीव्हीसमोर बसून खेळ समोरून पाहायला सुरुवात केली. बायको गेलेली, लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे. दर रविवारी खालचा इस्त्रीवाला दुकान बंद करून वर यायचा आणि हात मोडलेल्या खुर्चीत बसायचा. असा चार वर्षं संसार चालला. पहिल्या वर्षी तर चेंडू जाळ्यात गेला की आबा आधी डोळे मिटून घेत, आवाज ओळखीचा आहे ना याची खात्री करून घेत, आणि मग डोळे उघडून आनंदी होत.

मग एका रविवारी पडदा काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना: हा चॅनेल तुमच्या पॅकेजमध्ये नाही, फुटबॉलसाठी जादा पैसे भरा.

"घरात बसून तिकीट?" आबा ओरडले.

इस्त्रीवाला मांडीवर थाप मारून हसला. "तुझाच धंदा उचललाय त्यांनी. फाटक आणून तुझ्या घरात बसवलं, आणि तुलाच बाहेर ठेवलं."

साऱ्या गल्लीत तोच विषय झाला. कोणी चरफडत पैसे भरले, कोणी केबलवाल्यांना शिव्या घालून पत्ते कुटायला बसले. आबांची पेन्शन म्हणजे अपुरं पांघरूण, डोक्यावर ओढावं तर पाय उघडे. त्यांनी टीव्हीवर फडकं टाकलं आणि रविवारचं झोपायला सुरुवात केली.

पंधरा दिवसांनी जावई आला. जावई त्याच केबल कंपनीत लाइनमन, म्हणजे घरोघर जाऊन तारा जोडणारा. मितभाषी, खांद्याला कायम हत्यारांची पिशवी. त्याने फडकं काढलं, मागची तार ओढली, टीव्हीजवळच्या केबलच्या पेटीवरची बटणं दाबली, आणि हिरवंगार मैदान समोर उभं राहिलं.

"हे कसं काय?" आबांनी विचारलं.

"आम्हा कामगारांना सवलत असते, आबा," जावई म्हणाला, आणि कधी नव्हे तो खुर्ची ओढून बसला. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, जिन्यातला दिवा कधीपासून बंद आहे, असं बोलत राहिला. चहाचा दुसरा कप मागून घेतला.

आबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणसाला घाई नाही. माणूस गप्पा मारतोय.

त्या दिवसापासून आबांचा खेळ संपला. पडद्यावर बावीस माणसं धावत, आणि आबा बघत पेटीवरच्या हिरव्या दिव्याकडे. "पास दिला बघ, काय पास दिला!" इस्त्रीवाला म्हणे, आणि आबा म्हणत, "हा दिवा आधी लुकलुकत नव्हता."

"अरे खेळ बघ की!"

"कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुझ्या डोक्यात मुरतंय. जावई माणूस, सासऱ्याला चार गोल दाखवतोय, तर याचं भलतंच."

पण त्याच इस्त्रीवाल्याने पुढच्या रविवारी, काहीही मनात न आणता, एक बातमी दिली. चोरून फुटबॉल जोडून दिल्याबद्दल कंपनीने दोन लाइनमनना कामावरून काढलं होतं. उभ्या उभ्या, हत्यारं काढून घेऊन.

आबा हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. सवलत म्हणे! साहेब माझ्या ओळखीचे आहेत, मी वर्तमानपत्रातला आहे, माझं तिकीट आत भावाकडे आहे. एकतीस वर्षं ऐकलेल्या थापांची ही धाकटी बहीण. पोरगं सासऱ्याच्या मायेपोटी चोरी करून बसलं, आणि उद्या पकडलं गेलं तर लेकीची चूल विझणार. आणखी एक गोष्ट होती. हल्ली दर रविवारी खेळ रंगात आला की जावई "पेटी तपासायला" यायचा. पिशवी खांद्यावरच, दाराच्या चौकटीला टेकून दहा मिनिटं उभा राहायचा, आणि निघून जायचा. इतकी कसली तपासणी? खाई त्याला खवखवे.

लेकीला विचारलं, तर ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "आबा, तुम्ही मुकाट्याने खेळ बघा ना."

म्हणजे हीसुद्धा सामील.

आबा दोन दिवस विचार करत बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. फाटकवाल्यालाच सुचावी अशी. आत शिरलेल्या माणसाला बाहेर कधी काढतात? हातात तिकीट नसतं तेव्हा. मग मागाहून का होईना, तिकीट काढून टाकावं. आपणच कंपनीत जाऊन जादा पैसे भरावेत, पावती घ्यावी. तपासणी झालीच तर जोडणी कायद्याची. जावयाला कळायचंसुद्धा कारण नाही. बायकोच्या आजारपणासाठी ठेवलेले, आणि तिने वापरू न दिलेले थोडे पैसे डब्यात होते. ते घेऊन, मिश्या कातरून, आबा कंपनीच्या कार्यालयात गेले.

काचेमागे चष्मेवाली बाई होती. आबांनी पत्ता सांगितला. "फुटबॉलचं जादा पॅकेज. त्याचे पैसे भरायचेत."

बाईने संगणकात पाहिलं. "भरलेले आहेत, काका."

"कोणी?"

"दर महिन्याला येतात. अगदी एक तारखेला."

"पूर्ण? सवलत धरून की काय?"

"कसली सवलत?"

"कामगारांची असते ना..." आबांची जीभ बोलून गेली आणि मग त्यांनी ती चावली.

बाई मान वळवून मागे बघू लागली. मागच्या टेबलावरून एक साहेब उठून आला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना घाम फुटला, कारण तो हुबेहूब त्यांच्यासारखा बघत होता. "आमच्याकडे कामगारांना काहीही सवलत नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

जन्मात खोटं न बोललेला माणूस पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिला. आणि पहिल्यांदाच उभं राहणाऱ्याचं होतं ते झालं, आवाज फार मोठा निघाला. "कोणी नाही! मीच म्हणालो! म्हातारा माणूस मी, काहीतरी ऐकलं असेल रस्त्यात!"

"पण कोणाकडून?"

"हवेतून!"

साहेबाने कागदावर पत्ता लिहून घेतला.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पत्त्यावरून जोडणी कोणाच्या हातची ते निघालं, आणि दुसऱ्या दिवशी जावयाला कामावर घेतलं नाही. त्याची पिशवी ठेवून घेतली आणि वर्षभरात त्याने जोडलेली सगळी घरं तपासायला दोन माणसं निघाली. चार दिवस तपासणी चालली. एकही तार चोरीची निघाली नाही. पाचव्या दिवशी पिशवी परत मिळाली, आणि संध्याकाळी लेक जिना चढून वर आली. ती बसली नाही.

"चोर समजलात तुम्ही त्याला?"

"अगं, मी तर पैसे भरायला..."

"कशाचे? ते तो भरतोय. आमच्या घरचं फुटबॉल बंद करून त्याने तुमच्याकडे चालू केलं. दोन्हीकडचं झेपत नाही आम्हाला. लहानपणापासून वेडा आहे तो त्या खेळाचा. म्हणाला, आबांनी एकतीस वर्षं पाठ करून काढली, आता त्यांना बघू दे."

"मग सवलत का म्हणाला?"

"खरं सांगितलं असतं तर घेतलं असतंत तुम्ही?"

लेक दारापर्यंत गेली आणि वळली. "रविवारी काम आटपून, दहा मिनिटं का होईना, तुमच्या दारात उभं राहून बघायचा. तेवढंच. कधी 'बस' तरी म्हणालात?"

ती गेली. आबांनी तिन्ही कड्या लावल्या, मग तिन्ही काढल्या.

पुढचा रविवार आला. इस्त्रीवाला येऊन बसला, खेळ सुरू झाला, दारात कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. लेकीने फोन उचलला, पण बोलली पावसाची सर पडून जावी तितकंच. आपला संघ त्या दिवशी तीन गोलांनी जिंकला, इस्त्रीवाला नाचला, आणि आबांना तिन्ही गोल कोणी केले ते सांगता आलं नाही.

"माफी माग की सरळ," इस्त्रीवाला म्हणाला.

"एकतीस वर्षांत कोणाची मागितली नाही. कशी मागतात?"

"तोंडाने."

तिसऱ्या रविवारी, खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, आबा उठले. इस्त्रीवाल्याला म्हणाले, "तू बस, दार उघडं ठेव." कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी दोन खुर्च्यांच्या मधे आणून ठेवलं, मग विचार बदलला. स्वतःची बरी खुर्ची मधे ओढली आणि स्टूल बाजूला, आपल्यासाठी. चपला घातल्या आणि गुडघा सांभाळत जिना उतरले.

दोन गल्ल्या पलीकडे लेकीने दार उघडलं. ती बाजूला झाली. आत जावई पलंगाच्या कडेला बसला होता, मांडीवर छोटा रेडिओ, कान त्याला लावलेला. रेडिओतून मैदानाचा गलका येत होता. सासरे दिसताच त्याने घाईघाईने आवाज बारीक केला आणि उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तेच आबांना जास्त लागलं.

रेडिओतल्या बारीक आवाजात हजारो माणसांनी एकदम श्वास आत घेतला, आणि हळूहळू सोडला. दोघांनीही एकाच वेळी रेडिओकडे पाहिलं.

आबांनी घसा साफ केला. वाटेत त्यांनी तीन वाक्यं पाठ केली होती, तिन्ही विसरली. मग ते फाटकावर उभे असल्यासारखे ताठ झाले, जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "जावईबापू, आजचा तो पंच विकला गेलाय असा माझा पक्का संशय आहे, आणि माझ्या संशयावर माझा आता काडीचा भरवसा राहिला नाही. तुम्ही चला, माझ्या खुर्चीत बसा, आणि तुमच्या डोळ्यांनी बघून मला काय ते खरं सांगा."