भावाच्या हातचा अडुळसा

माझा धाकटा भाऊ दारू सोडून माझ्याकडे राहायला आला, तेव्हा त्याचं पोट पाण्यानं फुगलेलं होतं आणि हात थरथरत होते. केळझरचं वडिलांपासूनचं किराणा दुकान त्यानं बंद केलं होतं. बायको त्याआधीच मुलीला घेऊन हिंगणघाटला माहेरी गेली होती. आमचा जिल्हा दारूबंदीचा, पण त्याला कधी मिळाली नाही असं झालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर खराब झालंय, आता एक थेंबही नको. या वेळी त्यानं ऐकलं.

मी वर्ध्याला कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, एकटीच राहते. त्या हिवाळ्यात त्याला कोरडा खोकला लागला. मी मेडिकलमधून बाटली आणली. त्यानं चष्मा लावून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि बाटली बाजूला ठेवून दिली. त्यात अल्कोहोल होतं. होमिओपॅथीचे थेंब आणले, त्यांतही होतं. औषधापुरतं असतं, त्यानं काय होतंय, असं मी जरा चिडूनच म्हटलं.

"ताई, मले माझा भरवसा नाई," तो म्हणाला.

ऑफिसातल्या एका बाई म्हणाल्या, झाडपाल्याचा अर्क अल्कोहोलऐवजी ग्लिसरीनमध्येही उतरतो, पोटात घ्यायचं ग्लिसरीन वेगळं मिळतं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. रविवारी आम्ही पवनारला ओळखीच्या एका शेतावर गेलो आणि कुंपणाचा अडुळसा पिशवीभर तोडून आणला.

पहिली बरणी बुरसली. पानं नीट वाळली नव्हती, पाणीही जास्त झालं होतं. मला वाटलं, आता कंटाळेल. त्यानं ती ओतून दिली, बरणी उकळत्या पाण्यानं धुतली आणि नवी पानं सावलीत पसरली. ती बोटांत चुरचुरेपर्यंत थांबला. मग चुरा बरणीत, तीन वाट्या ग्लिसरीनला एक वाटी उकळून गार केलेलं पाणी, वर घट्ट झाकण. रोज सकाळी ओट्याशी उभा राहून तो दोन्ही हातांनी बरणी हलवायचा. महिनाभरानं मलमलीतून गाळलं, तेव्हा काळपट हिरवा, दाट अर्क निघाला. जिभेवर आधी गोड, मागून कडू.

त्याला त्याचा नादच लागला. तुळस झाली, ज्येष्ठमध झालं, गवती चहा झाला. शेजारच्या बायका बाटल्या न्यायला यायच्या आणि तो त्यांना कोमट पाण्यात किती घ्यायचं ते समजावून सांगायचा, अगदी गल्ल्यावर बसल्यासारखा. त्याचं असं बोलणं मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

पुढच्या पावसाळ्यात कळलं की हिंगणघाटला पोरीचा खोकला हटत नाही. त्यानं तिच्यासाठी तुळस आणि ज्येष्ठमध मिळून एक बाटली केली आणि मला घेऊन जायला सांगितलं. तू पण चल, म्हटलं, तर नको म्हणाला.

मी एसटीनं गेले. भावजयीनं चहा केला, त्याच्या तब्येतीची चौकशी केली. बाटलीचं झाकण उघडून वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला, पुन्हा वास घेतला. मग झाकण लावून बाटली माझ्यासमोर सरकवली.

"ताई, राग नका मानू. पण त्यायच्या हातची बाटली मी पोरीले नाई देऊ शकत."

मी राग मानला नाही. तिनं काय काय काढलं होतं ते मला माहीत होतं. घरी आल्यावर त्यानं विचारलं आणि मी जसं झालं तसं सांगितलं. त्यानं बाटली उचलून फळीवर ठेवली. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाला. त्या दिवशी जेवला नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी त्याला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात नेलं, भावजयीला फोन केला. ती पोरीला घेऊन बसस्टँडवरून थेट तिथंच आली. तेव्हा एक तरुण डॉक्टर मला विचारत होते, शेवटची कधी घेतली? मी म्हटलं, वर्ष होऊन गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, खरं सांगा, म्हणजे आम्हाला इलाज करता येईल. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांना पटत नव्हतं.

"सोडली होती त्यायनं," मागून भावजय म्हणाली. "मी बायको आहे त्यायची."

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं. भाऊ डोळे मिटून पडला होता. त्यानं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. दोन दिवसांनी तो गेला.

तेरवी होईपर्यंत ती माझ्याकडेच राहिली. भेटायला येणाऱ्या बायका त्याच्या औषधांचं सांगायच्या, ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची. परत जाताना मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. डॉक्टरांपुढं तू इतकं ठाम कसं म्हणालीस, मी विचारलं.

"तवा मले कुठं माईत होतं, त्यायनं सोडली का नाई ते," ती म्हणाली. "तुम्ही एकट्याच सांगून राह्यल्या होत्या, अन् तो डॉक्टर ऐकून नव्हता राह्यला. म्हणून बोलली."

बस लागली. तिनं पोरीला खिडकीशी बसवलं आणि पदरानं आपलं तोंड पुसलं.