सादर अर्पण

माझं पुस्तक नर्मदेत बुडालं. बुडवलं माझ्या सुनेने, आंघोळ करून, अनवाणी, हात जोडून.

सून गुणी आहे, हे आधीच सांगून टाकतो (ती हे वाचणार आहे. हळूहळू वाचते, पण वाचते!). रश्मी आमच्याच शहरातल्या अधारतालची, माहेर अस्सल हिंदी. मराठी सगळी समजते असं ती म्हणते, आणि समजलेली नाही हे आम्हाला नेहमी उशिरा कळतं. कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाल्यावर मी चार वर्षं बसून ‘श्रद्धा, सर्जन आणि संसार’ लिहिलं, तेव्हा नाव वाचून तिने विचारलं होतं, "बाबा, यात सर्जन काहून? तुमचं तर कधी ऑपरेशन नाही झालं!"

"अगं, सर्जन म्हणजे निर्मिती!"

"अच्छा," असं म्हणून ती गॅस बंद करायला गेली.

चारशे पानं! सगळी हाताने, निळ्या शाईने. मुलगा सांगून थकला, बाबा, निदान फोटो काढून ठेवा. मी म्हणालो, मोबाईलने श्रद्धेचा फोटो निघत नसतो. खरं सांगायचं तर देवावरचा माझा विश्वास केव्हाच पातळ झाला होता. लिहिता लिहिता तो पुन्हा घट्ट होईल या आशेवर मी पानामागून पान भरत होतो. ती एकुलती एक प्रत माझा शेवटचा आधार होती.

शेवटी उरली फक्त अर्पणपत्रिका. आईच्या नावे करावी तर बायको रुसणार, बायकोच्या नावे करावी तर ती पुस्तक वाचणार! मी सुरक्षित मार्ग काढला. कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘नर्मदामाईस सादर अर्पण’. गठ्ठा लाल कापडात बांधला, कागद वर खोचला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि सगळं देवघरात ठेवून सदर बाजारात खव्याची जिलबी खायला गेलो. ठेवलं कुठे? निर्माल्याच्या पिशवीला खेटून! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या तपासनिसाला ही दिसली नाही.

परत आलो तर देवघर लखलखीत.

"अगं, इथला गठ्ठा कुठे गेला?" मी बायकोला विचारलं.

"ओरडून काहून राहिले? रश्मीला विचारा. सकाळपासून तीच आवरून राहिली."

रश्मी साखरफुटाण्यांचा प्रसाद घेऊनच बाहेर आली. केस ओले, कपाळावर चंदन, चेहऱ्यावर पुण्याचं तेज.

"बाबा, हो गया! ग्वारीघाटला जाऊन आली मी. निर्माल्य दिलं, आणि तुमचं अर्पणही केलं."

"माझं... काय केलं?"

"लिहिलं होतं ना तुम्हीच! आणि सादर लिहिलं होतं, म्हणून मी बोट करून मधोमध गेली. किनाऱ्यावरून फेकलं तर सादर कसं होणार, जी?"

(त्या एका शब्दाने घात केला. नुसतं ‘अर्पण’ लिहिलं असतं तर गुडघाभर पाण्यात सापडलं असतं!)

मी घरच्यांसाठी आणलेला जिलबीचा पुडा तसाच टाकून ऑटोत बसलो. घाटावर तो नावाडी लगेच सापडला.

"लाल कपड़े वाली गठरी? हाँ भैया, दीदी ने बड़ी श्रद्धा से छोड़ी. पत्थर बाँध के."

"पत्थर?"

"ऊपर आ रही थी न! दीदी बोलीं, मैया ने नहीं ली तो बाबा का मन दुखेगा."

माझ्या पुस्तकात एक प्रकरण होतं, ‘सगळं माईवर सोपवावं’. बेचाळीस पानं! ते लिहिणारा माणूस पायरीवर उभा राहून नदीला ओरडत होता, "परत दे! माझं परत दे!" नावाड्याने समजावलं, "भैया, माँगना है तो ज़रा प्यार से माँगो." मग मी प्रेमाने मागितलं. नदी आपली वाहत राहिली. मी खाली बसलो आणि रडलो. खरंच रडलो. ऐकणारं कुणी नाहीच, की आहे आणि त्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही? दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं, तेही मला ठरवता येईना.

घरी आलो तोवर रश्मीला बायकोने सगळं समजावलं होतं. तिचे डोळे रडून लाल झालेले, हातात कोरी वही.

"बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. आपण सब फिर से लिहू. तुम्हाला तर पाठच असेल ना?"

ही पोर इतकी चांगली आहे की हिच्यावर रागावताही येत नाही! मी डोळे मिटले. "लिही. श्रद्धा म्हणजे..."

"श्रद्धा म्हणजे," तिने लिहिलं. "आगे?"

पुढे काही येईना. पंखा फिरत होता. मी घाम पुसला.

"ते राहू दे. संसारापासून सुरू करू. संसार म्हणजे..." समोर बायको मटार सोलत बसली होती.

दाणे परातीत टाकत ती म्हणाली, "चार वर्षं लिहून राहिले होते ना? एक ओळ नाही आठवत?"

"नाही."

"मग बुडालं काय?"

मी परातीतले चार दाणे उचलून तोंडात टाकले.

रश्मी अजूनही रोज वही घेऊन बसते. वहीत दोनच शब्द आहेत, आणि त्यातल्या पहिल्यावर माझा भरवसा नाही. ओळखीचे लोक विचारतात, पुस्तकाचं काय झालं? मी मान खाली घालून सांगतो, चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली हो! ती मेहनत रश्मी घाटावर पोचायच्या बरीच आधी पाण्यात गेली होती, एवढं मात्र सांगत नाही.