ओठ थानकाकांचे

थानकाका जिन्यात भेटले की आधी त्यांचे ओठ हलत आणि आवाज क्षणभराने मागून येई. कधी यायचाच नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांचं घर आमच्या बरोबर वर होतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला काहीतरी सविस्तर सांगितलं आणि मला एक शब्दही ऐकू आला नाही. मीही मग हळू आवाजात उत्तर दिलं. घरात शिरल्यावर मेधा, माझी बायको, म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला कुजबुजत होता? त्यांच्या घरी कुणी झोपलंय का?"

ते व्हिएतनाममध्ये चित्रपटांत काम करत, हे आम्हाला त्यांच्या मुलीकडून, लानकडून, कळलं. लानचं आमच्या ट्रॅमच्या थांब्याजवळ फुलांचं दुकान आहे. आई गेल्यावर तिने वडिलांना इकडे आणलं. काकांनी सव्वीस चित्रपट केले होते. सैनिक, शिक्षक, नावाडी, दोनदा नायक. मी संगणकाच्या चिपच्या कारखान्यात मोजमाप विभागात आहे, त्यामुळे आकडा विचारल्याशिवाय मला राहवत नाही. "सव्वीसपैकी किती चित्रपटांत तुमचा आवाज आहे?" असंही मी एकदा सहज विचारलं, कारण त्यांनी दाखवलेल्या एका दृश्यात आवाज भलताच भारदस्त होता.

"एकाही नाही," काका म्हणाले.

त्या काळी तिकडे चित्रीकरण आवाजाविना होई. कॅमेऱ्याचीच घरघर एवढी, की ध्वनिमुद्रण शक्य नसे. संवाद नंतर सरकारी स्टुडिओत दुसरे कलाकार भरत. काकांची बोली मध्य व्हिएतनामच्या खेड्यातली. नायक तसा बोललेला चालत नसे. "ओठ माझे, बाकी सगळं सरकारचं," असं ते हसून सांगत. ओठ मात्र ते फार स्वच्छ हलवत. "मागून येणाऱ्याला जुळवायला सोपं जावं," हे त्यांचं तत्त्व. त्यांच्या आईने गावात पडद्यावर त्यांना पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "चेहरा माझ्या पोराचा आहे, मग बोलतंय कोण?" ही गोष्ट सांगताना मात्र ते हसत नसत.

इथे जर्मन मालिकांत त्यांना अधूनमधून काम मिळे. स्वयंपाकी, गिऱ्हाईक, एकदा प्रेत. मग एका तरुण दिग्दर्शिकेने त्यांना खरी भूमिका दिली. घर सोडून जाणाऱ्या मुलीचा बाप. जर्मनमध्ये एकच वाक्य: "तू जा. मी आहे इथे." आवाज जागेवरच मुद्रित होणार होता.

त्याच महिन्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, म्हणजे आवाज जाणार हे नक्कीच. डॉक्टरांना लगेच शस्त्रक्रिया करायची होती आणि चित्रीकरण तीन आठवड्यांवर होतं. लान रडली, भांडली. मी स्पष्टच सांगितलं, "काका, आधी ऑपरेशन."

"आणि मग तिथे जाऊन काय करू? पुन्हा ओठ हलवू?"

त्यांनी तारीख पुढे ढकलून घेतली.

ते तीन आठवडे ते रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येत. मी मुलीचे संवाद वाचायचो, मग ते त्यांचं वाक्य म्हणत. आवाज घोगरा झाला होता, पण त्यांचा होता. "तुम्ही मुलगी वाटत नाही, वीजबिल वाचताय," ते मला म्हणत. मेधा भाजी चिरता चिरता म्हणाली, "यांनी मला मागणीही याच आवाजात घातली होती." काका खोकला येईपर्यंत हसले.

चित्रीकरणाच्या दिवशी मी सुट्टी घेऊन सोबत गेलो. पहिल्या टेकला काकांनी मुलीकडे पाहिलं, ओठ हलवले आणि आवाज आला नाही. सगळे थांबले. ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढून तपासला. "माफ करा, जुनी सवय," काका म्हणाले. पुढच्या चार टेकना त्यांनी वाक्य मोठ्याने, नीट म्हटलं. परतताना ट्रॅममध्ये ते खिडकीकडे बघत बसले होते. "झालं," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते फक्त ओठांनी बोलत. मला ते समजायला काहीच अडचण आली नाही. आयुष्यभर त्यांनी ओठ दुसऱ्याला जुळवता यावेत असेच हलवले होते.

काका फेब्रुवारीत गेले. तीन आठवडे थांबल्यामुळे काय फरक पडला, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांना आकडा सांगता आला नाही.

पण चित्रपट त्याआधी, नोव्हेंबरमध्ये लागला होता आणि आम्ही सगळे गेलो होतो. काका कोट घालून लानच्या शेजारी बसले होते. ते दृश्य आलं. मुलगी दारात वळली, काकांनी तिच्याकडे पाहिलं, ओठ हलवले. आवाज नव्हता. दिग्दर्शिकेने पहिला टेक ठेवला होता. प्रेक्षागृहात कुणीतरी नाक ओढलं. नंतर तिने काकांना मिठी मारली आणि म्हणाली, "मिस्टर थान, तो टेक सगळ्यांत खरा होता." काकांनी मान डोलावली. काकांना एकदा तरी पडद्यावर स्वतःचा आवाज हवा होता, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हा सांगून उपयोग नव्हता.

आम्ही ट्रॅमच्या थांब्यावर आलो. काका लानकडे वळले आणि त्यांचे ओठ जर्मनमध्ये हलले. घरी ते तिच्याशी व्हिएतनामीतच बोलत, त्यामुळे तिला ते शब्द ओळखू आले नाहीत.

"बाबा काय म्हणतायत?" तिने मला विचारलं.

मला कळलं होतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, परत लानकडे तोंड केलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत, ओठ हलवायला सुरुवात केली. मी त्यांच्याबरोबर म्हणालो, "तू जा. मी आहे इथे."

माझा आवाज नेहमीसारखाच आला, वीजबिल वाचल्यासारखा. काकांनी जरा विचार केला आणि अंगठा वर केला. जुळलं होतं. मग ट्रॅम आली आणि आम्ही चढलो.